धार बॅकअप: सक्सेसफुल, निश्चिंत राहा

८ सप्टेंबर २०२५, सोमवार. सकाळी सहा

आजपासून रोजनिशी. ही कोणी वाचायची नाही, म्हणून खरं तेच लिहिणार. खरं हे की या कंपनीत माझ्याइतकं डोकं कोणाला नाही.

आमचे मालक पीयूष सर शनिवारी म्हणाले की मालोजी भिया (इकडे भैयाचं भिया होतं), जानेवारीपासून देवास आणि धार दोन्हीकडचा मिळून एक आयटी हेड करायचा विचार आहे. नाव घेतलं नाही. पण बोलताना माझ्याकडेच बघत होते. केबिनमध्ये तिसरं कोणी नव्हतं हे खरं, तरी.

संकल्प. रोज सकाळी माताजीच्या टेकडीवर जायचं. पायऱ्यांनी. रोपवे म्हाताऱ्यांना. चहा दिवसातून दोनदाच. आणि मुख्य म्हणजे, जे काम मला दोनदा करावं लागलं ते तिसऱ्यांदा कॉम्प्युटरने करायचं, मी नाही.

सव्वासहा. ढग आलेत. टेकडी उद्यापासून.

१० सप्टेंबर, बुधवार

चहा पाच वेळा. पण काम तसं झालं.

पुढेमागे माझ्यावर कोणी लिहिलं तर कळावं म्हणून मांडून ठेवतो. आमची कंपनी सोयाबीनचं बियाणं करते. ऑफिस देवासला, शेत आणि लॅब धारला. दोन्हीकडच्या सगळ्यांच्या फायली धारच्या सर्व्हरवर. त्या सर्व्हरची रोज एक पूर्ण नक्कल उतरवून इथे देवासला माझ्या टेबलाखालच्या डिस्कमध्ये ठेवायची, याला बॅकअप म्हणतात आणि तो म्हणजे मी. आजवर हाताने करत होतो. म्हणजे आठवेल तेव्हा.

आज तीन स्क्रिप्ट लिहिल्या. पहिली रात्री धारहून नक्कल आणते. दुसरी महिन्यापेक्षा जुन्या नकला पुसते, कारण डिस्क सारखी भरते. तिसरी सकाळी नऊला सगळ्यांना मेल करते की बॅकअप झाला. रात्री मी झोपतो, स्क्रिप्ट जागते. आपला हात जगन्नाथ म्हणायचे ते दिवस गेले. आता हात खिशात.

बायकोला, देवश्रीला, सांगितलं. ती शाळेत गणित शिकवते, त्यामुळे शंका काढायची सवय. म्हणाली की ठेवलेलं त्यातून परत काढून बघितलं आहे का कधी? मी म्हटलं, परत काढायची पाळी हलगर्जी लोकांवर येते. ती म्हणाली, बरं. तिचं 'बरं' मला कधीच आवडलेलं नाही.

१५ सप्टेंबर, सोमवार. धारहून परत, बसमध्ये

सीट तीनदा बदलली. एका जागी बसवत नाही. मोठी माणसं अशीच असतात.

आज धारच्या लॅबमध्ये माझं भाषण. देवासवाले समोरच्या स्क्रीनवर. म्हटलं, आजपासून पेनड्राइव्ह बंद, वही बंद, 'माझ्या लॅपटॉपवर पण एक ठेवली आहे' हे बंद. दहा ठिकाणी दहा कॉप्या, मग खरी कोणती? फाइल एकच, सर्व्हर एकच. बॅकअपची काळजी मालोजीला. सगळ्यांनी माना हलवल्या. आमच्या अकाउंट्सच्या नीतूने तर बराच वेळ हलवली.

मग शिखा उभी राहिली. लॅबमधली मुलगी, हाटपिपल्याची. घरात मराठी, शिक्षण हिंदीत, मला दादा म्हणते. सोयाबीनचं एक नवीन वाण तिने तीन खरीप लावून सांभाळलं आहे. यंदाचा तिसरा. वाणाला मान्यता देणारी समिती तीन हंगामांचे आकडे बघते, ते डिसेंबरात तिला मांडायचेत. मान्यता मिळाली की पीयूष सर तिला पक्की करणार. आत्ता ती कॉन्ट्रॅक्टवर आहे, दर वर्षी धाकधूक. तिने विचारलं की दादा, माझं सगळं तीन वर्षांचं आहे, खरंच सेफ राहील ना? मी म्हटलं, माझ्यावर विश्वास नाही का?

तिने लगेच गळ्यातला पेनड्राइव्ह काढला, ओढणीने पुसला आणि माझ्या हातात दिला. म्हणाली की वहीपण आजपासून बंद, आकडे सरळ कॉम्प्युटरवर. जुन्या वह्या तिने दुपारीच रद्दीवाल्याला घातल्या.

याला म्हणतात शिस्त. पेनड्राइव्ह तिथल्या तिथे फॉरमॅट करून त्यात बापूंच्या, म्हणजे वडिलांच्या, स्कूटरवर नाही, माझ्या गाडीत ऐकायची गाणी भरली. गाडी अजून घ्यायची आहे.

१९ सप्टेंबर, शुक्रवार

नाक कापलं. धारचं नेट रात्री बंद होतं, नक्कल आली नाही, आणि सकाळी नऊला माझ्याच स्क्रिप्टने सगळ्या कंपनीला मेल केला: धार बॅकअप फेल. पीयूष सरांचा फोन. भिया, ये क्या है? म्हटलं, सर, नेट. ते म्हणाले की नेट होगा, पर सुबह-सुबह ऐसा पढ़ के मूड खराब हो जाता है.

बरोबर आहे त्यांचं. स्क्रिप्टमधून तपासणीचा भाग काढून टाकला. आता रोज नऊला एकच मजकूर: 'धार बॅकअप: सक्सेसफुल. निश्चिंत राहा.' नक्कल तर येतच असते. एखाद्या दिवसासाठी चार लोकांचा सकाळचा चहा कशाला कडू करायचा.

या मेलला कंपनीत कोणी उत्तर देत नाही. फक्त शिखा देते. रोज. 'थँक यू दादा', पुढे हात जोडलेले. आज कंटाळून तिच्यासाठी वेगळी चौथी स्क्रिप्ट लिहिली. तिचा मेल आला की आपोआप 'वेलकम' जातं.

टेकडी: पायथ्यापर्यंत गेलो. कचोरी खाल्ली. परत.

२४ सप्टेंबर, बुधवार

देवश्रीची तक्रार की माझं लक्ष नसतं. तक्रार आली की दोन प्रकारची माणसं असतात. एक वाद घालतात. मी स्क्रिप्ट लिहितो. रोज दुपारी एकला तिला मेसेज: 'जेवलीस का? नीट पोटभर जेव.' आज पहिला गेला. घरी आलो तर पोह्यांवर शेव जास्त. संसारसुद्धा ऑटोमेट होतो, लोक उगाच कटकट करतात.

३० सप्टेंबर, मंगळवार. अष्टमी

सुट्टी. देवश्रीला नवरात्राचे उपास, आज तर पाण्यावर. मी समोर बसून दाल-बाफले खात होतो. एक वाजला. तिचा फोन वाजला. तिने वाचलं. मग फोन माझ्या ताटाशेजारी ठेवला. नीट पोटभर जेव.

उठून देवघरात गेली. भांडली असती तर बरं झालं असतं.

१ ऑक्टोबर, बुधवार. खंडेनवमी

सकाळी शस्त्रपूजा. आमचे पूर्वज पवारांच्या फौजेबरोबर इकडे आले, बारगीर होते. घरात एक तलवार उरली आहे, ती म्यानातून निघत नाही, म्यानासकटच पुजतात. बाकी बापूंचा पाना आणि पक्कड (बापू मिलमध्ये फिटर होते), देवश्रीचा कंपासबॉक्स, आणि माझा लॅपटॉप. बापूंनी लॅपटॉपच्या झाकणाला हळद-कुंकू लावलं, झेंडू ठेवला. म्हणाले की मालोजी, लक्षात ठेव, नवमीला हत्याराकडून काम घ्यायचं नसतं. वर्षभर राबतं, एक दिवस त्याला पडू द्यावं. आपल्या घरात आजपर्यंत नवमीला कोणी सुरीसुद्धा चालवली नाही. भाजी आदल्या दिवशी चिरून ठेवतात ती त्यासाठीच.

मला एकदम भरून आलं. माझं खरं हत्यार लॅपटॉप थोडाच आहे? माझं हत्यार स्क्रिप्ट. ती आज रात्री राबणार आणि मी इथे आरती म्हणणार? कपाळाला आठ्या पडल्या. उठलो, झेंडू बाजूला केला आणि नक्कल आणणाऱ्या ओळीच्या आधी एक # लावला. हे चिन्ह लावलं की कॉम्प्युटर ती ओळ वाचतच नाही, पुढे निघून जातो. झोप म्हटलं बाई, एक दिवस. उद्या दसऱ्याला उठवतो.

पुसणारी आणि मेलवाली चालूच ठेवली. त्या काही हत्यारं नव्हेत, त्या कारकून आहेत.

बापूंना सांगितलं. त्यांना # कळला नाही, पण भावना कळली. डोक्यावर हात ठेवला.

२ ऑक्टोबर, गुरुवार. दसरा

सोनं वाटलं, सोनं घेतलं. टेकडीवर एवढी गर्दी की लांबूनच नमस्कार. संध्याकाळी बापूंनी विचारलं की हत्यारं उचललीस ना सगळी? उचलली. पाना, पक्कड, कंपास, लॅपटॉप. लॅपटॉपचं कुंकू पुसताना थोडं की-बोर्डमध्ये गेलं, फुंकर मारली.

रात्री झोप येईना. काहीतरी राहिल्यासारखं वाटतंय. उठून गॅस बघितला. दाराची कडी बघितली. मग आठवलं, देवश्रीच्या भावाला दसऱ्याचा फोन राहिला. केला. तो झोपला होता. आता शांत वाटतंय.

९ ऑक्टोबर, गुरुवार

मेल: सक्सेसफुल. शिखा: थँक यू दादा. मी, न हलता: वेलकम.

एक गंमत. पूर्वी सकाळी आलो की टेबलाखालची डिस्क गरम असायची, पाय शेकायला बरी. आता गार. मशीन मुरलं की असंच होतं, कमी त्रासात जास्त काम.

वेळच वेळ आहे. ऑफिसमध्ये चकरा मारतो. जिन्यातून वर, जिन्यातून खाली. नीतूने विचारलं की भिया, कुछ गुम गया क्या? म्हटलं, विचार चाललाय.

१७ ऑक्टोबर, शुक्रवार

शिखाची कापणी आणि मळणी झाली. तिसऱ्या हंगामाचे आकडे आज सर्व्हरवर चढवले. वाण जोरात आहे म्हणे. पिवळा मोझॅक नावाचा रोग सगळ्या शेताला लागला, हिच्या वाफ्यांना नाही. शेंगांचा फोटो पाठवला, हातात झाड धरून उभी. खाली लिहिलं होतं की दादा, माझी तिन्ही वर्षं आता तुमच्याकडे. चौथ्या स्क्रिप्टने उत्तर दिलं: वेलकम.

३१ ऑक्टोबर, शुक्रवार

आजचा दिवस सोन्याचा. गेलं वर्षभर मी सरांकडे मोठी डिस्क मागतोय, कारण जुनी गच्च भरलेली असते. आज सहज बघितलं तर डिस्क जवळजवळ मोकळी! जागाच जागा. उगाच नाही लोक ऑप्टिमायझेशन म्हणतात. सरांना जाऊन सांगितलं की नवीन डिस्क नको, मी आहे त्यातच बसवलं. ते म्हणाले, वा भिया, ऐसे लोग चाहिए.

ऐसे लोग. हे आयटी हेडबद्दलच. येताना व्हिजिटिंग कार्डं छापायला टाकली. जानेवारीत छापखान्यात गर्दी असते.

१२ नोव्हेंबर, बुधवार. दुपारी तीन

धारचा सर्व्हर गेला. सकाळी लाइट गेली, आली, गेली, आली, आणि शेवटी आली ती भलत्याच जोरात. आतली डिस्क करकरली आणि बंद. लॅबच्या मुलांनी तीच गाडीत घालून इंदूरला दुरुस्तीवाल्याकडे नेली. तो म्हणाला की आतली तबकडी खरवडली गेली आहे, यातून काही निघायचं नाही, फ्रेम करून लावा.

पीयूष सर टेन्शनमध्ये. शिखाचा फोन, आवाज बारीक. मी हसलो. खरंच हसलो. म्हटलं, अगं वेडे, यासाठीच तर मी आहे. सेनापतीला लढाईचीच वाट असते. सरांना सांगितलं, उद्या दुपारपर्यंत सगळं जागच्या जागी. घरी जाऊन निळा शर्ट इस्त्री केला. असं काम इस्त्रीच्या शर्टात करावं.

१३ नोव्हेंबर, गुरुवार. सकाळी साडेनऊ

निळा शर्ट. डिस्क उघडली.

रिकामी.

पावणेदहा. स्क्रीन पुसली. रिकामी.

दहा. मशीन बंद करून सुरू केलं. रिकामी. इनबॉक्समध्ये आजचा मेल: सक्सेसफुल, निश्चिंत राहा.

अकरा. ती ओळ उघडली. सुरुवातीला #. दीड महिना झोपली आहे बिचारी. नक्कल आणणारी झोपली, आणि पुसणारी मात्र एकही खाडा न करता रोज जुनी नक्कल पुसत राहिली, शेवटची उरेपर्यंत, आणि मग तीही. कारकून ते कारकूनच.

दुपारी एक. जेवलो नाही. देवश्रीला मात्र मेसेज गेला.

१३ नोव्हेंबर, संध्याकाळी

शांतपणे विचार केला तर चूक माझी नाही. बापूंनी नवमीचं सांगितलं नसतं तर मी # लावला नसता. दसऱ्याला त्यांनी 'सगळी उचललीस ना' एवढंच विचारलं, नावं घेऊन विचारायला हवं होतं. पीयूष सरांचा मूड सकाळी खराब झाला नसता तर मेलने खरं सांगितलं असतं. वीज मंडळाचं तर बोलायलाच नको. आणि शिखाने वह्या लगेच रद्दीत कशाला घालायच्या? मी बंद करा म्हणालो, विका म्हणालो नव्हतो.

तिच्या पेनड्राइव्हमध्ये जुनं काही निघतं का बघितलं. गाणीच निघतात.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

सरांनी तीनदा विचारलं, कितना हुआ? मी म्हटलं, सर, रिस्टोर चालू आहे, मोठा डेटा आहे. ते म्हणाले की दिखता क्यों नहीं?

हा प्रश्न रास्त होता. दुपारी एक छोटी स्क्रिप्ट लिहिली. देवास-धार दोन्हीकडच्या प्रत्येक कॉम्प्युटरवर एक हिरवी पट्टी दिसते: 'रिस्टोर प्रगतिपथावर: ७%'. थोड्या थोड्या वेळाने आकडा वाढतो. हे खोटं नाही. हा वेळ आहे, विचार करायला घेतलेला. पट्टी पूर्ण व्हायच्या आत मार्ग निघेलच. देव तारी त्याला कोण मारी.

पट्टी फार सुंदर झाली आहे.

१५ नोव्हेंबर, शनिवार

शिखा दिवसभर मेसेज करते. दादा, एकवीस झाले. दादा, सव्वीस! तिच्या आईने हाटपिपल्याला नरसिंहाच्या देवळात नारळ ठेवला आहे. समितीची तारीख आली, डिसेंबरचा दुसरा आठवडा. म्हणाली की पट्टी बघत बसले की जिवाला बरं वाटतं.

मी चौथी स्क्रिप्ट बंद केली. 'वेलकम' स्वतः टाइप करायला गेलो. अर्ध्यावर पुसलं.

टेकडीवर गेलो. पायऱ्यांनी, वरपर्यंत. वर जाऊन काय मागावं सुचेना. उतरलो.

१७ नोव्हेंबर, सोमवार

रविवारभर पट्टी वाढत राहिली, तिला सुट्टी द्यायची राहिली. आज सकाळी ८८. दुपारी ९६. स्क्रिप्ट उघडून वेग कमी केला. ९९ वर थांबवली. सर येऊन उभे राहिले. म्हणाले, भिया, निन्यानवे पे अटक गया? म्हटलं, शेवटचा एक टक्का सगळ्यात अवघड असतो सर. ते म्हणाले की हाँ, बिज़नेस में भी ऐसा ही है, आणि गेले.

चहा मोजणं सोडलं.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

एक गोष्ट कालपासून खटकत होती. सर्व्हर जाऊन आठवडा होत आला आणि ऑफिसमध्ये कोणी रडत नाही. बिलं निघतायत. टॅक्सच्या फायली जातायत. नीतू आरामात प्रिंट काढते. मी तिच्या टेबलाशी गेलो आणि विचारलं की हे कशातून काढतेस? तिने ड्रॉवर उघडला. आत तीन पेनड्राइव्ह, मोत्यांच्या माळेसारखे एका दोऱ्यात ओवलेले. म्हणाली, बुरा मत मानना भिया, आपका बैकअप अपनी जगह, अपना अपनी जगह.

मी सगळ्यांच्या टेबलांशी गेलो. सगळ्यांकडे आहे. सेल्सवाल्यांकडे, गोदामात, खुद्द पीयूष सरांकडे. सर म्हणाले, अरे भिया, आपल्यावर विश्वास आहेच, पण पप्पांनी सांगितलं होतं की एक कॉपी घरी ठेव. म्हणजे मी भाषण देत होतो, माना हलत होत्या, आणि त्याच दिवशी संध्याकाळी एकूणएक माणसाने आपापली फाइल उचलून घरी नेली होती. कोणी सांगितलं नाही, कारण मला वाईट वाटलं असतं. फार राग आला. मग फार आनंद झाला.

१९ नोव्हेंबर, बुधवार

दिवसभर पेनड्राइव्ह गोळा केले. सरांनी घेतलेल्या नव्या सर्व्हरवर एकेकाच्या फायली चढवतोय. अकाउंट्स आलं. सेल्स आलं. गोदाम आलं. पट्टी आता खरी आहे! ९९ टक्के अक्षरशः खरे झाले. कोणाला कशाला कळायला हवं की कुठून आलं? उद्या शिखाची कॉपी घ्यायची की शंभर. छापखान्यातून कार्डंही आली. 'मालोजी जगदाळे, आयटी हेड'. अक्षर जरा मोठं हवं होतं.

शिखाकडे असणारच. जिची तीन वर्षं त्यात, ती सगळ्यात आधी ठेवेल. ती काय वेडी आहे?

२० नोव्हेंबर, गुरुवार. धार

सरळ विचारायचं नाही असं ठरवलं होतं. बोलता बोलता म्हटलं की नियम असतात, पण माणूस आपल्या जिवासाठी एखादी गोष्ट बाजूला ठेवतोच, त्यात काही गुन्हा नाही, मी रागावणार नाही. मी म्हटलं, कपाटात, घरी, फोनमध्ये, कुठेतरी?

तिला वाटलं मी तपासणीला आलोय. दोन्ही हात वर केले तिने. म्हणाली की दादा, तुमची शपथ, एकपण कॉपी नाही ठेवली मी. बाकीचे ठेवत होते, मला पण म्हणत होते की ठेव, मी म्हटलं दादांनी मना केलंय ना. पर्स उघडून दाखवली. फोन पुढे केला. टेबलाचे खण ओढून दाखवले, एक एक करून, आणि हसत होती, परीक्षेत पहिली आल्यासारखी.

मी म्हटलं, शाब्बास.

बाहेर येऊन बसस्टँडवर तीन बस सोडल्या.

२२ नोव्हेंबर, शनिवार

देवश्रीला सगळं सांगितलं. नवमी, #, पट्टी, पेनड्राइव्ह, शपथ. वाटलं होतं 'बरं' म्हणेल. 'बरं' नाही म्हणाली. म्हणाली की आधी सरांकडे जा, मग धारला, आणि दोन्हीकडे स्वतः तोंडाने सांगा, मेल करू नका.

सरांना सांगितलं. पट्टीचंही. ते रागावले नाहीत, हेच लागलं. जानेवारीपासून बॅकअप इंदूरची एक कंपनी बघणार, मी त्यांना कुलूप-बिलूप उघडून द्यायचं. मी म्हटलं, सर, माझं जे करायचं ते करा, पण शिखाला काढू नका, तिची चूक एवढीच की तिने माझं ऐकलं. सर म्हणाले, ठीक है, उसका कॉन्ट्रैक्ट बढ़ा देंगे. पक्कं नाही म्हणाले. कॉन्ट्रॅक्टच.

२४ नोव्हेंबर, सोमवार. धार

सांगितलं.

बसून ऐकलं तिने. मध्ये एकदाच विचारलं की पहिलं वर्ष पण? म्हटलं, हो. दुसरं? हो. मग उठून खिडकीशी गेली. तिच्या वाफ्यांत आता हरभरा आहे, हिरवा, बोटभर. मला म्हणायचं होतं की बापूंनी सांगितलं म्हणून, लाइट गेली म्हणून, सरांचा मूड. सगळं तोंडपाठ होतं. त्यातलं एकही म्हटलं नाही.

मग नाक पुसून परत आली. म्हणाली की बियाणं तर आहे ना दादा, बियाणं कुठे गेलं नाही. जूनमध्ये परत लावू. सव्वीस, सत्तावीस, अठ्ठावीस, बोटांवर मोजलं. आईला काय सांगायचं ते बघते म्हणाली.

मला वाटलं आता रडेल, नाहीतर मला काहीतरी बोलेल. मी वाट बघत होतो, बोलायलाच हवं होतं तिने. ती उभी राहिली, ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, आणि दबकत विचारलं की दादा, तुम्हाला वाईट वाटणार नसेल तर, या वेळी एक कॉपी मी माझ्याजवळ ठेवली तर चालेल का?

मी म्हटलं, दोन ठेव. आणि एक कुठे ठेवलीस ते मला सांगू नकोस.